आप्पांच्या अक्षरातला अर्ज

बुधवार, ५ फेब्रुवारी

रविवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे, 'आप्पा स्वतःहून गाडीत बसले.' हे वाक्य चुकीचं आहे. तीन दिवस मी ते पान उघडून बघते आणि मिटते. आज दुरुस्त करते.

आप्पा गाडीत बसले ते मी सांगितलं म्हणून. मी सांगितलं की अकलूजला एका बागायतदाराकडे वाटणीपत्र लिहायचं आहे, भावाभावांत वाद आहे, त्यांना छापील नको, हातानं लिहिलेलंच पाहिजे. एवढं शिवपुत्रमामांनी मला पढवलं होतं. 'त्यांनी तुमचंच नाव घेतलंय' हे मी माझ्या पदरचं घातलं. ते घातलं नसतं तरी आप्पा आले असते का, याचा मी विचार करते आहे. कदाचित आले नसते.

आप्पा, माझे वडील, रजिस्ट्री कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि करारनामे लिहून देतात. द्यायचे, असं लिहायला हवं. दीड वर्षात त्यांना लांबून कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पेनांची पेटी काखेत घेतली आणि दारात अव्वाला, माझ्या आईला, म्हणाले, "बघितलीस का? अजून लागतो की मी लोकांना." अव्वा आत गेली. मला वाटतं ती रडली असेल. पण मी बघितलं नाही, म्हणून तसं लिहीत नाही.

मोडनिंबपाशी गाडी हमरस्ता सोडून आत वळली. आप्पा म्हणाले, "हितं कशाला?" मामा म्हणाले, "चहा घेऊ दाजी." फाटकापाशी व्यसनमुक्ती केंद्राची दोन माणसं उभी होती. आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी मोबाईल काढून त्यात बघत बसले. मोबाईलमध्ये काहीही नव्हतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुपारी ऑफिसात फोन आला. मी सात रस्त्याजवळ एका विमा सल्लागाराकडे कारकुनी करते. तिथं खासगी फोन घेतलेला चालत नाही, म्हणून जिन्यात जाऊन बोलले. केंद्रातल्या समुपदेशक रेश्मा मॅडम होत्या. आप्पांनी रविवारपासून अन्न घेतलेलं नाही. सलाईन लावलंय. "ते काहीच बोलत नाहीत. ताट आलं की तोंड भिंतीकडे करतात. आम्ही विरोध म्हणून नोंद केली आहे. बहुतेक जण पहिला आठवडा असंच करतात, तुम्ही घाबरू नका."

घरी येऊन अव्वाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "लिंग गळ्यात हाय न्हवं त्यांच्या?"

मी उठून माझी पर्स उघडली. आतल्या कप्प्यात पाकीट होतं. दाखल करताना केंद्रात पट्टा, साखळी, दोरा, सगळं काढून घेतात. कुणी जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून. मी वहीत सही केली होती: 'एक दोरा, एक चांदीची डबी, मिळाली.' त्या डबीत आप्पांचं इष्टलिंग होतं. सही करताना मी दुसऱ्या कागदांची काळजी करत होते. चार दिवस ते लिंग माझ्या पर्समध्ये बसच्या तिकिटांबरोबर पडून होतं.

आप्पा दारू पितात. गेली चौदा वर्षं पितात. पण सकाळी आंघोळ करून, लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्यांनी कधी घास घेतलेला नाही. आदल्या रात्री गटारीशेजारून उचलून आणलं असलं तरी नाही. लोक याला हसतात. अकरावीत असताना एकदा मीही हसले होते, त्यांच्या देखत.

विरोध नव्हता तो. ते फक्त माझी वाट बघत होते, की मला आठवेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रजा टाकून मामांबरोबर गेले. आप्पांना भेटू दिलं नाही, पहिले दोन आठवडे भेट नसते. मी रेश्मा मॅडमना सगळं समजावलं. त्या माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. चांगल्या आहेत, त्याचाच मला त्रास होतो. त्या म्हणाल्या, "अहो, मग त्या दिवशीच सांगायचं ना." ठरलं असं, की गळ्यात दोरा नाही; रोज सकाळी अर्धा तास डबी द्यायची, कुणीतरी समोर बसायचं, पूजा झाली की परत घ्यायची.

संध्याकाळी फोन आला. दोन पोळ्या खाल्ल्या म्हणे.

रविवार, ९ फेब्रुवारी

अजून एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी ठेवली.

केंद्रात दाखल करायला पेशंटनं स्वतःच्या हातानं लिहिलेला अर्ज लागतो, की मी माझ्या मर्जीनं येतोय. मर्जी नसेल तर दुसरा मार्ग आहे: डॉक्टरांकडून तपासणी, त्यांचे दाखले, नातेवाइकाची जबाबदारी. मी ते सगळं वाचलं होतं. मामा म्हणाले, "तेवढ्यात दाजी कुटंतरी पळून जातील. तू लिही की. रोज लिहितीस, आजच काय झालं?"

हे खरं आहे. मी रोज लिहीत होते. दोन वर्षांपासून आप्पांचा हात कापतो. सकाळी नऊ ते साडेदहा मी त्यांच्या टेबलाशी बसून लोकांचे अर्ज लिहायची, मग ऑफिसला जायची. त्यात लबाडी नव्हती. माझं अक्षर आप्पांचंच आहे. लहानपणी मला दमा होता, म्हणून दुसरीपर्यंत मी शाळेतच गेले नाही. आप्पा मला टेबलाशी घेऊन बसायचे आणि खराब झालेल्या कागदांच्या मागं अक्षरं गिरवून घ्यायचे. तिसरीत शाळेत घातलं तेव्हा बाई म्हणाल्या, "हे मुलीचं अक्षर नाही, कचेरीचं आहे." आमच्या घरात कुणाचं अक्षर कुणाचं, हा प्रश्नच कधी आला नाही. म्हणूनच मामा इतक्या सहज बोलले, आणि अव्वानं कागद आणून दिला.

मी लिहिलं:

'मी, प्रभुलिंग सिद्रामप्पा हत्तुरे, वय ५६, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो की, मला दारूचे व्यसन असून त्यातून सुटण्यासाठी मी स्वखुशीने दाखल होत आहे. माझ्या मुलीला कामावरून घरी येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून, आज घरात कोणत्या आवाजात बोलणे चालले आहे ते आधी ऐकावे लागते. याची मला खंत आहे.'

खाली सहीही मीच केली.

मामांनी वाचलं आणि म्हणाले, "वरचं बास होतं की. खालचं कशाला वाढवलंस?" मी म्हटलं, खरं वाटावं म्हणून. ते उत्तर बरोबर होतं का, मला ठाऊक नाही.

जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चालू असताना, आप्पांनी न्हाणीत रक्ताची उलटी केली. डॉक्टर अव्वाला म्हणाले, पुन्हा अशी झाली तर माझ्याकडे आणू नका, उपयोग नाही. हे इथं लिहिते कारण ते घडलं आहे. माझी बाजू मांडायला लिहीत नाही. बहुतेक तशीच लिहिते आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज गल्लीच्या तोंडाशी थांबले नाही. थांबायचं विसरले, आणि घरात शिरल्यावर लक्षात आलं. जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली. अव्वा मेथी निवडताना कन्नडमधलं काहीतरी गुणगुणत होती. तिला गाताना मी फार वर्षांनी ऐकलं.

मग तिनं गाणं मध्येच तोडलं, आणि मी भांडी घासायला घेतली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

रेश्मा मॅडमचा फोन. आवाजच आनंदाचा होता.

परवा आप्पांनी फार गोंधळ घातला. फाटकापाशी जाऊन उभे राहिले. "मला फसवून आणलंय. मी एक अक्षर लिहून दिलेलं न्हाय. कायदा मलापण कळतो, अर्ज दाखवा." तेव्हा मॅडमनी फाईल काढून अर्ज त्यांच्या हातात दिला.

"मग?" मी विचारलं.

"वाचला. बसून पुन्हा वाचला. बराच वेळ कागद हातात होता. मी विचारलं, हे अक्षर तुमचं नाही का? तर म्हणाले, 'माझंच हाय.' एवढंच. उठून वॉर्डात गेले. आणि काल पहिल्यांदा गटाच्या बैठकीत बोलले! दानेश्वरी, कधीकधी माणसाला स्वतःचेच शब्द परत वाचायला लागतात बघा."

मी 'हो' म्हणाले. आभारसुद्धा मानले.

आता माझ्या लक्षात येतंय मी काय केलंय. आप्पांना वाटलं असणार की आपण नशेत लिहून दिलं आणि विसरलो. ज्या माणसाला तीस वर्षांत लिहिलेला प्रत्येक करार आठवतो, त्याला मी त्याच्याच आठवणीवर शंका घ्यायला लावली. ते खरं बोलत होते. मी त्यांना खोटं पाडलं, आणि तेही त्यांच्याच अक्षरानं.

रविवार, १६ फेब्रुवारी

पहिली भेट. अव्वा, मामा, मी. पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या.

आप्पांच्या चेहऱ्यावरची सूज उतरली आहे. त्यामुळे ते म्हातारे दिसतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, पण सांडत नाहीत.

"काय गं, दमा कसाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"बराय आप्पा. तुम्ही?"

"आमचं काय. साडेपाचला उठवतात. एवढ्या लवकर मी लग्नात उठलो न्हवतो. विचार हिला."

अव्वा पदराआड हसली. मामा खुर्चीच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "दाजी, राग न्हाय न्हवं?"

"तुझा? चहा घेऊ म्हणून गाडी थांबवलीस शिवपुत्र, चहा अजून पाजला न्हाईस. हा बी ह्यांचाच हाय."

मामा हसले आणि मग रुमालानं डोळे पुसत अव्वाला घेऊन कचेरीत गेले, औषधांचं विचारायला. मी आणि आप्पा राहिलो. ते कपाकडे बघत होते.

"मॅडमनी तो अर्ज दाखवला मला," ते म्हणाले.



"नशेत लिहिला असंल मी. अक्षर तर माझंच हाय." मग म्हणाले, "खालच्या ओळीला मात्र थांबलो. गल्लीच्या तोंडाशी थांबतीस तू? मला म्हाईत न्हवतं." आणि लगेच, "म्हणजे, लिहिलंय तर मीच. पण म्हाईत न्हवतं."

"हो," मी म्हटलं.

"कधीपासनं?"

"आठवीपासून."

"आठवीपासनं," ते म्हणाले. बोटं मोडल्यासारखी केली, मोडली नाहीत. "तुला काय सांगायचंय का मला?"

"नाही."

"बरं. मला घाई न्हाय."

घरी येताना बसमध्ये मी एकच विचार करत होते. स्वतः लिहिली असं समजतात ती गोष्ट आपल्याला 'माहीत नव्हती' म्हणाले. एका वाक्यात दोनदा उलटसुलट बोलले. डोक्यावर परिणाम झालाय, दारूमुळे किंवा तिथल्या औषधांमुळे, आणि मी त्या गोंधळात भर घातली. त्यांनी सांगायला जागा करून दिली होती तरी मी 'नाही' म्हणाले.

रविवार, २३ फेब्रुवारी

मामा सकाळीच आले. महिन्याची मुदत चार मार्चला संपते. डॉक्टरांचं म्हणणं, अजून दोन महिने राहिले तर टिकेल. त्यासाठी नवा अर्ज लागणार, पेशंटच्याच हातचा. दोन तारखेला भेट आहे, तेव्हा द्यायचा.

मी म्हटलं, "आता त्यांचा हात स्थिर आहे. त्यांनाच लिहायला सांगू."

"आणि न्हाय म्हणाले तर?" मामा म्हणाले. "म्हैनाभर दावं सोसलेलं जनावर हाय. दार उघडं दिसलं तर थांबंल का? तू लिही, मी फाईलला लावून येतो. त्यांना कळायचंबी न्हाय."

"दाजी म्हणता तुम्ही त्यांना. जनावर काय?"

"तोंडातनं गेलं. पर लिही."

 अव्वानं कागद आणला, ह्या खेपेला पेनसुद्धा.

मी लिहिलं. दहा मिनिटं लागली नाहीत. हात अडखळला असता तर बरं वाटलं असतं. फक्त पहिली ओळ लिहिली, दुसरं काही वाढवलं नाही. मामा म्हणाले, "आता कसं. शहाणी झालीस." अर्ज माझ्याकडे ठेवलाय, दोन तारखेपर्यंत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

रेश्मा मॅडमना मीच फोन केला, प्रकृती विचारायला. त्या हसत होत्या. आप्पांनी वॉर्डात दुकान मांडलंय म्हणे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची घरची पत्रं लिहून देतात. "सगळ्यांना दम देतात, आधी तू सांग, मग मी लिहिणार, माझ्या मनातलं एक अक्षर घालणार न्हाय. लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि मगच सही. काल एक ट्रकवाला वाचताना रडायला लागला, तर म्हणाले, 'रड, पण सही कोरड्या जागेवर कर.'"

ही आप्पांची जुनी पद्धत आहे. अंगठा देणाऱ्यालाही ते शब्दन्‌शब्द वाचून दाखवतात. मी टेबलाशी बसायची तेव्हा घाईत एकदा वाचायचं सोडलं, तर त्यांनी त्या बाईला नळदुर्गच्या बसमधून उतरवून परत आणलं होतं.

मी मॅडमना विचारलं, "एखाद्याचा अर्ज त्यानं स्वतः लिहिलेला नसेल, तर काय होतं?"

त्या म्हणाल्या, "मग त्याला नव्यानं विचारावं लागतं. आणि जातो म्हणाला, आणि डॉक्टरांना अडवण्याजोगं काही दिसलं नाही, तर मी दारात आडवी पडू शकत नाही. का विचारताय?"

"सहज."

"तुमचे वडील कालच विचारत होते, दानू एकटी कधी येणार म्हणून."

मी म्हटलं, दोन तारखेला सगळेच येऊ.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र

उपवास होता. सिद्धेश्वरला जाऊन आलो. तळ्याकाठी गर्दी इतकी, की अव्वाचा हात धरून चालावं लागलं. तिथंच, रांगेत, मी तिला सांगितलं की मी आप्पांना खरं सांगणार आहे.

तिनं हात सोडला नाही. पुढं बघतच बोलली. "आणि ते उठून आले तर?"

"तर येतील."

"आल्यावर पितील. पिल्यावर काय व्हतंय ते न्हाणीत तू पुसलंस का मी?"

"तू."

"मग?" रांग पुढं सरकली. "तुला खरं बोलायचंय. तुझ्या जिवाला बरं वाटंल. मला माणूस जित्ता पायजे, दानम्मा. खोट्यानं राहिला तरी चालंल. साकु. पुरे कर."

  तिचं म्हणणं खरं असू शकतं, की मी हे माझ्या जिवासाठी करते आहे. दर्शन घेताना मी काय मागितलं तेही नीट सांगता येत नाही. मागताना दर वेळी दोन गोष्टी पुढं आल्या, आप्पा तिथंच राहावेत आणि मला सांगता यावं, आणि या दोन्ही एकत्र मागायला मला लाज वाटली.

घरी आल्यावर अव्वानं साबुदाणा वाढला. थोड्या वेळानं म्हणाली, "ते रागावले तर माझं नाव सांग. कागद मी आणून दिला म्हणावं. दोन्ही खेपेला."

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मी कारणं मांडून बघितली.

सांगितलं नाही, तर आप्पा अजून दोन महिने राहतील, बरे होतील, आणि उरलेला जन्म असं समजतील की आपण न आठवण्याइतके घसरलो होतो. शिवाय मुदत संपली की मला तिसरा अर्ज लिहावा लागेल. मला माहीत आहे, तो मी लिहीन. दुसरा लिहायला दहा मिनिटंही लागली नव्हती.

सांगितलं, तर ते कदाचित लगेचच घरी येतील. आणि रजिस्ट्रीच्या वाटेवरची दारूची दुकानं सकाळी दहाला उघडतात. पुढचं सगळं अव्वाला दिसतं तसंच मलाही दिसतं. ते झालं तर ते मी केलेलं असेल. न सांगता झालं तरीही, असं मी स्वतःला समजावलं, पण ते तितकंसं खरं वाटलं नाही.

रविवारी सगळे असतील. मामा बोलतील, आप्पा त्यांची थट्टा करतील, सगळे हसतील, आणि अर्ज फाईलला लागेल. म्हणून रविवार नको.

रेश्मा मॅडमना फोन करून भेटीची परवानगी मागितली. एकटी येते म्हटलं. त्या म्हणाल्या, "या. साडेदहाला. त्यांना सांगू का?" मी म्हटलं, सांगा. म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला: "सांगितलं. 'बरं' म्हणाले, आणि दाढी करायला गेले."

ऑफिसात रजेचा अर्ज दिला. कारण: घरगुती. मामांना सांगितलेलं नाही. दुसरा अर्ज पिशवीत घेतलाय, तो आप्पांच्या हातात देणार आहे. अव्वाचं नाव सांगणार नाही. बसायच्या आधीच बोलायचं. आधी त्यांनी दम्याचं विचारलं तर माझ्यानं होणार नाही. वाक्य एकच आहे: 'आप्पा, तुम्ही विसरला नाहीत, तो अर्ज मी लिहिला, आणि सहीही माझी आहे.' मग ते राहतो म्हणाले तर कोरा कागद त्यांच्यापुढं ठेवीन. जातो म्हणाले तर डबीचं पाकीट सही करून घेईन, आणि त्यांच्याबरोबर बसमध्ये बसेन.

पुणे गाडी स्टँडवरून पावणेनऊला सुटते, मोडनिंबला थांबते. उद्या, शुक्रवार, २८ फेब्रुवारी.